शिवबाईंनी पुजलेला पत्रा

शनिवार उजाडला की चन्नप्पा सरांचं जेवणात लक्ष नसे. सोलापुरातल्या एका साध्या शाळेत ते दहावीला विज्ञान शिकवत, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर पुस्तकात नसलेले प्रयोग दाखवत. त्या एका वर्गासाठी हा माणूस आठवडा काढायचा म्हणा ना! १९७४ च्या दसऱ्यानंतर त्याच वर्गावर गदा आली. हेडसरांनी बजावलं, "परवा तपासणीचे साहेब येतायत. त्यांच्यापुढं प्रयोग जमला तर ठीक, नाहीतर ही थेरं बंद."

सर निर्धास्त होते. लोणच्याच्या काचेच्या बरणीत नवी पेठेतल्या मिठाईवाल्याकडचा वर्ख तारेला टांगलेला, तारेच्या वरच्या टोकाला जस्ताचा पत्रा. घोंगडीवर घासलेला कंगवा पत्र्याला टेकवला की विजेच्या भारानं वर्ख फाकायचा. मग साधा बल्ब कितीही जवळ आणा, वर्ख हलायचा नाही. पण गिरणीतून आणलेला, बाहेरची काच फुटलेला मर्क्युरी दिवा डब्यात ठेवून त्याचा उजेड भोकातून पत्र्यावर सोडला, की वर्ख लगेच खाली. सर सांगत, "प्रकाश दाण्यादाण्यानं येतो. पत्र्यातला इलेक्ट्रॉन बाहेर काढायला एकच, पण या उघड्या दिव्यातल्यासारखा जोरकस दाणा लागतो. साध्या बल्बचे मऊ दाणे पोतंभर ओतले तरी उपयोग नाही."

साहेब आले. सरांनी मर्क्युरी दिवा लावला. वर्ख तसाच! पुन्हा लावला, पुन्हा तसाच. हेडसर घड्याळ बघू लागले. सरांना वाटलं, हसं झालं तर झालं, पण शनिवारी पोरांना काय सांगायचं?

इतक्यात शाळेच्या शिपाई शिवबाई चहा घेऊन आल्या. "काय झालं, सर? पत्रा तर म्या लई लखलखीत केलाय की!"

"काय केलंत?"

"खंडेनवमीला पुजला. हळदकुंकू वाहिलं, मग खोबरेल लावून पुसला. साऱ्या शाळेची हत्यारं पुजायची आन् तुमचाच पत्रा सोडायचा व्हय?"

सरांना हसू आवरेना. त्यांनी पॉलिशपेपर घेतला, पत्रा खसाखसा घासला, कंगवा टेकवून दिवा लावला. वर्ख झरकन खाली आला आणि पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला.

शिवबाईंना मात्र तेलाचा दोष पटला नाही. "थांबा," म्हणत त्यांनी चहा खाली ठेवला, आपल्याच केसांचं तेल बोटावर घेऊन पत्र्यावर चोळलं आणि सरांना पुन्हा प्रयोग करायला लावला. वर्ख ढिम्म. मग स्वतः पत्रा घासला. वर्ख खाली.

"बघितलं न्हवं हेडसर? तेल आडवं आलं की आतलं काय बी भाईर येईना."

साहेब खूष झाले. "हेडमास्तर, एवढी खात्री करून घेणारं माणूस कॉलेजातही मिळायचं नाही. वर्ग चालू राहू द्या."

शनिवारी सर वर्गात शिरले. सुटीची घंटा देऊन शिवबाई आधीच पहिल्या बाकावर येऊन बसल्या होत्या. पदरानं घाम टिपत म्हणाल्या, "हितनं नीट दिसतंय. करा सुरू."

सरांनी हसत पॉलिशपेपर त्यांच्या हाती दिला आणि खडू उचलला.