डबल बेल

देवरावकाका कोणतीही गोष्ट तीनदा सांगत. कारंज्याच्या शाळेत माझी बदली झाली आणि त्यांच्याकडे मी खोली बघायला गेले, तेव्हा ओट्यावरच्या खुर्चीत बसून, समोर मी एकटी उभी असताना, त्यांनी साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "नळ सकाळी सहाले येते. नळ सकाळी सहाले येते. नळ सकाळी सहाले येते, पाणी भरून घ्यावे." मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. वरची खोली मी घेतली. माणूस तऱ्हेवाईक असला तरी नळाची खात्री पटली होती.

पुढे कळलं की ही सवय नोकरीतली. अर्धी नोकरी त्यांनी कंडक्टर म्हणून गाडीवर काढली आणि उरलेली आमच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून, खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारत. निवृत्त झाले तरी आतला माईक काही कोणी काढून घेतला नव्हता. "सूचना तीनदा द्या अन् माईक बंद करा," असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. "पब्लिक सतरा गोष्टी इचारते. उत्तरं देत बसलं तं गाडी निघत नाई."

घरातही पब्लिकला हाच नियम होता. त्यांची बायको शांताकाकू मी येण्याच्या आधीच वारली होती. ती होती तोवर बापाचं लेकाला आणि लेकाचं बापाला तीच पोचवायची. ती गेल्यावर दोघांच्या मधे फक्त फोन उरला. एकुलता एक मंगेश चाकणच्या कारखान्यात होता. मागच्या दिवाळीला त्यानेच हा नवा फोन आणून दिला होता आणि दर रविवारी सकाळी तो त्यावर फोन करायचा. इंजिनाच्या आवाजाने काकांचे कान मंद झालेले, त्यामुळे सगळं स्पीकरवर चाले. "लाईटबिल भरलं," काका जाहीर करत. "संत्र्याचे भाव पडले. गोडेबाईची म्हैस व्याली. ठेवतो." पलीकडून "बाबा, मी काय म्हणत होतो..." एवढं ऐकू येईतो लाल बटण दाबलेलं असे.

"काका, त्याला काही बोलायचं होतं," मी एकदा म्हटलं.

"कामाचं असतं तं आधीच बोलला असता."

मी हे सगळं जिन्यात बसून, चहा पीत ऐकायची. खरं सांगायचं तर मला रविवारी तेवढाही फोन येत नसे. माझा फोन वाजे तो शाळेच्या ग्रुपवरच्या सुविचारांनी. त्यामुळे दुसऱ्याच्या घरची म्हैस व्यालेलीही मला बरी वाटायची.

गणपती उठले आणि काकांचा फोन बिघडला. मंगेशचा आवाज त्यांना स्वच्छ येई, पण त्यांचा आवाज मंगेशला जात नसे. "हॅलो, बाबा? आवाज येऊन नाई राह्यला," तो म्हणे आणि काका आणखी मोठ्याने ओरडत. लाईटबिलाची बातमी त्या दिवशी स्टँडपर्यंत गेली असेल. चाकणला तेवढी गेली नाही. शेवटी मंगेशने घाबरून मला फोन केला. मी सांगितलं की बाबा ठणठणीत आहेत, फोनचा माईक गेलाय.

"वॉरंटी हाय मॅडम, दिवाळीपर्यंत. वर्ध्याले सर्विस सेंटर हाय, फुकटात करून देतीन. बिल मी तुमच्या व्हॉट्सअॅपवर टाकतो. अन् तोवर त्यांना सांगा, फोन चालू असताना आकडा दाबला का मले टूं वाजते. म्हणजे ते ऐकून राह्यले एवढं तरी मले समजीन."

मी काकांना आकड्यांची पाटी उघडून दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे बेलच झाली ना ही. एक बेल म्हणजे थांब. डबल बेल म्हणजे चाल पुढं. मंगेशले सांगा, त्याले काही शिकवा नाई लागत. लहानपणी माह्या गाडीत कंडक्टर सीटवर बसून बेलची दोरी तोच ओढे. मी नुसता मान हलवो."

पुढच्या रविवारी फोन आला. मंगेश म्हणाला, "बाबा, हाय का?" काकांनी दोनदा आकडा दाबला. टूं टूं. पलीकडे मंगेश जरा हसला आणि मग गप्प झाला. बापाचा आवाज नसताना बापाशी काय बोलायचं, हे त्याला बहुतेक सुचत नसावं. मग त्याने सांगितलं की तिकडे पाऊस आहे. काकांनी डबल बेल दिली. मग सांगितलं की खानावळ बदलली, नवीन बाई भाजीत साखर टाकते. डबल बेल. असं करत करत तो पोरगा इतकं बोलला की माझा चहा निवून गेला. काका खुर्चीत पुढे वाकून, अंगठा आकड्यावर धरून बसले होते. त्यांना एवढा वेळ गप्प बसलेलं मी प्रथमच पाहत होते.

मग फोन रविवारची वाट पाहीनासा झाला. शिफ्ट सुटली की मंगेश करायचा. मी शनिवारी वर्ध्याला भावाकडे जायची, जाताना विचारायची, "काका, फोन द्या, सेंटरवर टाकते." काका म्हणायचे, "पुढच्या शनिवारी नेजा. घाई काय हाय?" वॉरंटी संपत आलीय म्हटलं तर म्हणत, "माहीत हाय. माहीत हाय. माहीत हाय."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंगेशचा फोन आला, तेव्हा मी ओट्यावरच वह्या तपासत बसले होते. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तो म्हणाला, "बाबा, आई गेली तेव्हाचं एक बोलायचं होतं." मी वह्या गोळा करून उठायला लागले. काकांनी हातानेच बसायची खूण केली. एकट्याने ऐकायचा त्यांना धीर नसावा.

"त्या दिवशी चाकणहून येताना वाटेत रस्ता बंद होता, बाबा. मी ट्रकवाल्याच्या हातापाया पडलो. शेवटी आलो तं तुम्ही सगळे घाटावरून परत आले होते. तुम्ही पाय धूत होते. मी आईचं तोंड नाई पाह्यलं. अन् तुम्ही मले म्हटलं, उशीर झाला तुले, गाडी निघून गेली."

तो थांबला. काकांचा अंगठा आकड्यावर होता, पण ते दाबत नव्हते. मग त्यांनी दाबलं. टूं टूं.

"तुम्ही तीनदा म्हटलं, बाबा. एकदा म्हटलं असतं तरी मले ऐकू आलं होतं." मग त्याने विचारलं, "तुमच्या मनात अजून हाय का ते? मी उशिरा आलो म्हणून?"

याला बेल नव्हती. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चाल. काकांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडून ते काहीतरी बोललेसुद्धा, "नाई रे, लेका," असं हळू, पण ते त्या फोनमधून जाणार नव्हतं. पलीकडे मंगेशने थोडी वाट पाहिली आणि "ठेवतो" म्हणून ठेवून दिला.

मी माझा फोन पुढे केला. "काका, यावरून लावा आणि सांगा त्याला."

त्यांनी मान हलवली. "दुसऱ्याच्या माईकवरून नाई होत. उद्याच वर्ध्याले जाऊ. हे बेलवर सांगाचं काम नाई."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. सर्विस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलीने बिल पाहिलं, डब्यावरचा नंबर जुळवला आणि रेकॉर्डिंग लावून फोन त्यांच्यापुढे धरला. "अंकल, यात काहीतरी बोला." काका ताठ झाले. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे," असं त्यांनी अशा काही आवाजात सुरू केलं की रांगेतली माणसं खरंच वळून पाहू लागली. आर्वीमार्गे वर्धा गाडी त्यांनी तीनदा लावली. मुलीने ते परत वाजवलं. आत काहीच नव्हतं, नुसती खरखर. काका कान लावून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"वॉरंटीत बसेल," मुलगी म्हणाली. "पण वर पाठवावा लागेल. बराच वेळ लागतो."

"लवकर करजो बाई," काका म्हणाले. "लवकर करजो." तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

फोन नव्हता ते दिवस मला अजून आठवतात. काका सकाळी खुर्ची टाकत आणि शिफ्ट सुटायच्या वेळी उगाच शर्टाचा खिसा चाचपत. मंगेश माझ्याकडे चौकशी करायचा, मी "देऊ का काकांना?" म्हणायची, पण काका हात हलवत. एकदा बोलता बोलता म्हणाले, "शांताची गाडी थांबवाची होती, मॅडम. पण तिचा चेहरा पाहवत नव्हता. मले वाटे, लवकर सुटली तं मी सुटीन. अन् मग पोट्टा दारात उभा. त्याले काय सांगाव ते समजे नाई, तं तोंडातून सूचना निघाली." मी म्हटलं, हेच त्याला सांगा. "तेच सांगतो. फोन येऊ द्या."

दिवाळीच्या तोंडावर फोन आला, आतला भाग बदलून, वॉरंटीत. रविवारी मंगेशची रिंग वाजली. काकांनी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी मुद्दाम जिन्यात गेले, पण ऐकू येतच होतं.

"फोन दुरुस्त झाला," काका म्हणाले. "वॉरंटीत झाला. पैसे लागले नाई."

"आवाज मस्त येऊन राह्यला, बाबा," मंगेश म्हणाला. आणि वाट पाहू लागला.

मीही वाट पाहत होते. काकांनी घसा खाकरला. म्हशीच्या पारडाचं सांगितलं. थंडी पडली म्हणाले. मग बोलणंच संपलं. आता "ठेवतो" येणार, असं मला वाटलं आणि जिन्यात बसल्या बसल्या मला त्या म्हाताऱ्याचा राग आला. तेवढ्यात आवाज आला, टूं टूं.

पलीकडून मंगेशचा आवाज आला, "हो बाबा, सांगतो," आणि तो खानावळीच्या बाईचं सांगायला लागला. फोन चांगला झाला, तरी त्या दिवसापासून ते दोघे असेच बोलले. काका सुरुवातीला एखादी सूचना द्यायचे आणि मग बेल. पण मंगेशने जे विचारलं होतं, ते त्याने पुन्हा विचारलं नाही.

त्या रविवारी काका जिन्यापाशी आले. "माह्याच्यानं नाई झालं, मॅडम," म्हणाले. "तुमी एक काम करजा. माह्या वेळी मंगेश आल्याशिवाय गाडी सोडू नका. कोणी काही म्हणो." हे त्यांनी एकदाच सांगितलं. मी म्हटलं, असलं काही बोलू नका. ते म्हणाले, "सूचना हाय, घेऊन ठेवा."

माघात एका सकाळी नळ वाहून गेला तरी काकांचा आवाज आला नाही, म्हणून मी खाली गेले. ते झोपेतच गेले होते. मंगेशला मीच फोन केला. त्याने पहिलं काय विचारलं असेल, तर "मॅडम, मी पोचतो तोवर लोक थांबतीन का?"

दुपारनंतर आळीतली माणसं कुजबुजायला लागली. पुतण्या आहे, तो अग्नी देईल, दिवस मावळायच्या आत न्यावं, चाकण काय जवळ आहे का. मी त्यांच्या घरची कोणी नव्हते, भाडेकरू बाई. तरी दारात उभी राहिले आणि म्हणाले, "मंगेश आल्याशिवाय न्यायचं नाही. काकांनी सांगितलंय." कोणीतरी म्हणालं, मॅडम, तुम्हाले समजत नाई. मी पुन्हा तेच म्हटलं. आणि मग तिसऱ्यांदा म्हटलं. माझा आवाज एवढा चढू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. पुतण्या उठून बर्फाच्या लाद्या आणायला गेला.

मंगेश दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तो धावत आत आला आणि बापाचं तोंड पाहून खाली बसला. मी त्याच्याजवळ जाऊन काकांचं वाक्य त्याला जसंच्या तसं सांगितलं, मंगेश आल्याशिवाय गाडी सोडू नका. शांताकाकूंच्या वेळचंही सांगितलं. मग त्याने विचारलं, "स्वतःहून म्हटलं त्यायनं?" मी म्हटलं, हो.

सगळं बांधून झालं. चौघे खांदे लावून उभे राहिले, मंगेश पुढे. पुतण्याने विचारलं, "निघाचं का रे?" मंगेशने तोंड उघडलं, पण आवाज निघेना. सगळे त्याच्याकडे बघत थांबले. मग त्याने खांद्यावरच्या बांबूवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं, आणि माणसं चालू लागली.