थुंकी न गिळणारे पाहुणे

ही गोष्ट आमच्या नेरमध्ये बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण ती सांगतात माझे दोन मित्र. पानटपरीवर सांगतात, लग्नाच्या मांडवात सांगतात, आणि मी शेजारी बसून हसतो. माझ्या तोंडून ती परवापर्यंत कोणी ऐकलेली नव्हती. बायकोनेही नाही.

मी आयटीआयमध्ये जळालेल्या विजेच्या मोटारींचं वायंडिंग भरायला शिकवायचो. पन्नाशीला आल्यावर बिनपगारी रजा काढून दोन वर्षं टांझानियाला गेलो, स्वयंसेवक म्हणून. तिथल्या एका लहान गावात धंदेशिक्षणाची शाळा होती. गाव नेरसारखंच: कापसाची सरकी काढायचा जिन, धूळ, बाजाराच्या दिवशी गर्दी. राहायला खोली मिळाली ती एका विधवा बाईच्या अंगणात. ती मुसलमान होती, माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाची. सकाळी शाळेच्या फाटकापाशी तांदळाचे गोड अप्पे विकायची. तिकडे आईला ‘मामा’ म्हणतात, आणि सगळं गाव तिला मामा म्हणे. मीही म्हणायला लागलो. ती मला मास्तर म्हणायची.

दुसऱ्याच महिन्यात मला मलेरिया झाला. नऊ दिवस मी तिच्या हातची पेज प्यालो. उठून बसायला लागलो तेव्हा तिच्या म्हाताऱ्या आईने ठरवून टाकलं की हा आता घरचा मुलगा, याने वेगळं जेवायचं नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही तिघं एका परातीत जेवायचो. मध्ये मक्याच्या पिठाचा वाफाळता घट्ट गोळा, बाजूला पालेभाजी, कधी सुकी मासळी. आपापल्या बाजूने खात जायचं. म्हातारी मऊ भाग माझ्याकडे सरकवायची. इतक्या प्रेमाने मला आई गेल्यानंतर कोणी जेवू घातलं नव्हतं.

हे मी घरी कधी कळवलं नाही. फोनवर विचारलं की सांगायचो, हाताने करून खातो.

सव्वा वर्षाने माझे दोन लंगोटीयार आले. एकाचं कृषी केंद्र आहे, दुसरा जिल्हा परिषदेत शिक्षक. आठ दिवस माझ्याकडे आणि मग सिंह बघायला, असा बेत. बॅगेत चिवडा, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि कपड्यांच्या घड्यांत लपवून खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला. मी तो सोडला होता. आता दार लावायच्या आत मीच पुडी फोडली.

मामाने पाहुण्यांसाठी कोंबडी कापली होती. दुपारी अंगणात चटई टाकली, तांब्याने आमच्या हातांवर पाणी घातलं आणि परात आणून मधोमध ठेवली. दोघं परातीकडे बघत राहिले.

“एकाच ताटात?” कृषी केंद्रवाला म्हणाला. “इच्याबी संगं?”

“मले तर कसंसंच होऊन राह्यलं,” शिक्षक हळूच म्हणाला. हळूच बोलायची गरज नव्हती, तिला आमची बोली कुठे कळत होती? तरी तोंडावर हसू ठेवून म्हणाला. “तिच्या नखाकडं पाह्य ना बे. आन् तू रोज जेवतं का इथं?”

“मंग काय! बाईले मामा म्हनते, तिच्या ताटात जेवते. थांब, वहिनीले फोटोच धाडतो.”

कृषी केंद्रवाल्याने खरंच मोबाइल काढला. माझा हात परातीपर्यंत गेला होता, तो मी मागे घेतला. भीती कशाची होती ते आज नीट सांगतो. बायकोची नव्हती. नेरच्या चौकात माझ्याबद्दल काय बोललं जाईल, त्याची होती. कापूस वेचायला आमच्या वावरात तांड्यावरच्या बाया यायच्या, त्यांच्या चहाचे कप आमच्याकडे गोठ्याच्या कोनाड्यात असत. मी लहानपणी त्यावर आईशी भांडलो होतो. तोच मी, हात मागे घेऊन बसलो.

“सांग ना काहीतरी,” शिक्षक म्हणाला. “श्रावन आहे म्हन.”

श्रावण संपून महिना झाला होता. आणि हे दोघं श्रावणातही फक्त सोमवार पाळणारे. मी मामाला सांगितलं, यांचा उपास आहे.

तिचा चेहराच बदलला. “कधीपर्यंत?”

तिला जो उपास माहीत होता तोच माझ्या तोंडून गेला. “सूर्य मावळेपर्यंत. आठवडाभर.”

तिने परात लगेच उचलली. उपाशी माणसांपुढे अन्न ठेवलं म्हणून माफी मागितली. वास त्यांच्यापर्यंत जाऊ नये म्हणून परातीवर फडकं टाकून आत नेली.

संध्याकाळी सूर्य बुडाला तशी ती दारात उभी. निळ्या काठाचं झाकणाचं भांडं, ती फक्त रमजानमध्ये काढायची ते. आत शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली रताळी, वेगळ्या वाटीत पेज. उपाशी माणसाचा उपास सोडवणं म्हणजे तिच्या लेखी मोठं पुण्य होतं. यांना प्रार्थना करून खोलीतच खायचं असतं, असं मी सांगितलं. दार लावलं. मित्रांनी झाकण उघडून बघितलंसुद्धा नाही. चिवड्याचा डबा काढला.

“हे कुठीतरी टाकून ये,” कृषी केंद्रवाला म्हणाला.

मी ते प्लास्टिकच्या पिशवीत ओतलं, पिशवी शर्टाखाली धरली आणि जिनामागच्या नालीत टाकून आलो. गरम रताळी पोटाला चटके देत होती. हे मी सलग सहा संध्याकाळी केलं. भांडं घासून परत द्यायचो, आणि ती विचारायची, “आवडलं त्यांना?” मी म्हणायचो, फार आवडलं.

दुपारी आम्ही तिघं बाजारात जायचो. तिथे कोळशावर सळईला लावून मटण भाजून देणारा एक जण होता. त्याच्या हाताने यांना काही होत नव्हतं. विकत घेतलेलं अन्न घाण नसतं, असं काहीतरी त्यांचं गणित होतं. मीही खायचो.

आणि दिवसभर खर्रा. ती पहाटे वाकून, हातभर लांबीच्या खराट्याने सगळं अंगण झाडायची. मातीवर खराट्याच्या रेघा उमटायच्या. त्या रेघांवर हे दोघं पचापच थुंकायचे. लालसर तपकिरी, फेसाळ. माश्या बसायच्या. तिसऱ्या दिवशी मामा मला बाजूला घेऊन म्हणाली, “मास्तर, तुझे मित्र फार कडक पाळतात रे.”

मला कळेना.

“थुंकीसुद्धा गिळत नाहीत. माझा नवराही रमजानमध्ये असाच होता. घोट गेला तर उपास मोडेल म्हणून सारखा थुंकायचा.”

माझ्या तोंडात तेव्हा खर्रा होता. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिने एका डब्यात वाळू भरून आमच्या दाराशी ठेवली, म्हणजे पाहुण्यांना उठून लांब जायला नको. संध्याकाळी तो डबा तीच रिकामा करायची. मी हे मित्रांना सांगितलं. वाटलं, लाजतील. कृषी केंद्रवाला हसता हसता खाली बसला. “अबे, आपली थुकबी पवित्र झाली!”

मी पण हसलो. हेच लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी पण हसलो.

सातव्या दिवशी दुपारी मटणाच्या गाड्यापाशी आम्ही उभे होतो. तिघांच्याही हातात सळया, ओठांना चरबी. समोरून मामा आली. हातात खजुराचा पुडा. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने माझ्या सळईकडे बघितलं, मग त्या दोघांकडे.

“त्यांची तब्येत बिघडली,” मी म्हणालो. “म्हणून सोडला उपास.”

तिने हातातला पुडा सावरला. मग म्हणाली, “मग मीही आजचा सोडू का, मास्तर? पाहुण्यांना परक्या मुलखात एकटं वाटू नये म्हणून धरत होते.”

सहा दिवस ती पहाटे उठून, उपाशीपोटी अप्पे तळून विकून, आमच्यासाठी रताळी शिजवत होती.

मी म्हणालो, “हो, सोड.”

तिने खजूर माझ्या हातात दिले आणि गेली.

“काय म्हनून राह्यली?” शिक्षकाने विचारलं.

“काही नाही. खजूर आणले म्हणते.”

“घे मंग. खजूर चालते. धुऊन खाऊ.”

आणि खाल्ले त्यांनी. मला वाटतं मीही एक खाल्ला.

ते गेल्यावरच्या संध्याकाळी मी नेहमीसारखा अंगणात जाऊन बसलो. म्हातारीपुढे आणि मामापुढे परात होती. माझ्यापुढे मामाने निळ्या काठाचं भांडं ठेवलं, झाकलेलं, वर एक चमचा. मी म्हटलं, याची काही गरज नाही.

“असू दे,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “तुम्हा लोकांना बरं पडतं.”

पुढचे नऊ महिने मी त्या भांड्यात जेवलो. खरं सांगावं म्हणून कितीदा तोंड उघडलं, शब्दही जुळवले होते, तिची भाषा तोवर चांगली येत होती. सांगितलं नाही. निघताना तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हातारी रडली. तरीही नाही.

परवा टपरीवर कृषी केंद्रवाला पुन्हा ती गोष्ट रंगवून सांगत होता. डब्यातल्या वाळूपर्यंत आला, सगळे खिदळले, आणि मी म्हणालो, “ते सहाही दिवस ती उपाशी होती. आपल्यासाठी.”

त्याने पन्नीतला खर्रा घोटता घोटता माझ्याकडे बघितलं.

“हे तू आता सांगून राह्यला?” तो म्हणाला. “तवा काहून नाही बोलला? आमाले कुठी येत होती तिची भाषा? येत तर तुले होती.”

खरं होतं ते. माझ्या गालात खर्रा भरलेला, तोंड थुंकीने भरून आलं. टपरीच्या खालची जागा लाल झालेली, ओली, माश्यांनी भरलेली. मी वाकलो, पण थुंकता येईना. सगळा गिळला. घरी येईपर्यंत दोनदा ओकलो, आणि बायकोने विचारलं, काय झालं? तेव्हा पहिल्यांदा तिला सगळं सांगायला बसलो.