बिगी करू नको

सोलर पंप दुरुस्तीचं आमचं काम चालतं ते गाडीवर. शेतं डांबरीपासून लांब, काळ्या रानात. चिखल वाळला की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या होतात आणि साधी मोटारसायकल पोटावर आपटते. म्हणून मालकांनी मला त्यांची उंच मोटारसायकल दिली, रस्त्यावर आणि रानात दोन्हीकडं चालणारी. आठवीतून शाळा सोडून साताऱ्याकडून इकडं कन्नड मुलखात, कमलनगरला आलेल्या माणसाच्या हातात कोण देतं अशी गाडी? ते उपकार मी विसरत नाही. पण चावी देताना ते एवढंच म्हणाले होते, की गाडी चालंल तवर काम. तेव्हापासून माझे कान गाडीला चिकटले ते चिकटलेच.

सकाळी चहाच्या आधी मी तिच्याजवळ उकिडवा बसायचो. तेल बघायचो, चाकाच्या तारा पान्यानं वाजवून बघायचो, एअर फिल्टरमधली धूळ झटकायचो. सगळ्यात जास्त भीती चेनची. बोटानं दाबली की ती खाली-वर व्हायची, आणि खड्ड्यातून जाताना खळखळ वाजायची. मला वाटायचं, आता तुटली. मग पाना काढायचा आणि आवळायची.

बसस्टँडमागं एका अण्णांचं गॅरेज आहे. घरी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि गंजलेल्या नटाशी उर्दू, असा त्यांचा हिशोब. एकदा त्यांनी मला चेन आवळताना बघितलं आणि कार्बोरेटर पुसत पुसत म्हणाले, “बिगी करू नको रं. उंच गाडी हाय ही.”

आमच्याकडं बिगी म्हणजे लवकर. आई मला शाळेला पिटाळायची ती “बिगी बिगी चल” म्हणूनच. मला अण्णांचं पटलं. माझा स्वभाव घायकुता, ते त्यांनी ओळखलं असणार. त्या दिवसापासून मी घाई सोडली. खाली पोतं अंथरून, निवांत बसून, चाकाच्या दोन्ही बाजू सारख्या मापून चेन आवळायला लागलो. तारेसारखी ताठ. खळखळ बंद झाली. बरं वाटलं.

पण थोड्या दिवसांनी पुढच्या बाजूनं, चेन इंजिनला मिळते तिथून, बारीक रडल्यासारखा आवाज यायला लागला. जनवाड्याहून परत आलो तेव्हा तिथं तेलाचा ओलावाही दिसला. आणि नेमकं त्याच आठवड्यात मालकांनी विचारलं, आळंदची बाजू, पार कडगंचीपर्यंत, तू घेशील का? काम पक्कं होईल. गाडी पुरंल का तेवढी?

बघून सांगतो, म्हणालो. इंजिन खोलायची वेळ आली तर गाडी महिनाभर उभी, आणि गाडी उभी म्हणजे मी साताऱ्याच्या एसटीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीण अक्कांनी लोणच्याची बरणी माझ्यापुढं धरली. मी इथं आल्यापासून भाकरीवर त्यांचीच चटणी खातो. म्हणाल्या, “हे जरा उघड की. लई बिगी बसलंय झाकण.”

मी बरणी धरून तसाच उभा राहिलो.

“कामून थांबलास? जमंना व्हय?”

“अक्का, बिगी म्हणजे?”

“बिगी म्हणजे घट्ट की रं. कन्नडच हाय ते, तोंडात बसलंय आमच्या.”

झाकण उघडून दिलं आणि तसाच गॅरेजला गेलो. अण्णांना सांगितलं, मला वाटलं तुम्ही घाई करू नको म्हणालात. अण्णांनी पाना खाली ठेवला. शेजारच्या चहावाल्याला हाक मारून सगळं कन्नडमध्ये सांगितलं. दोघं पोट धरून हसले.

मग मला म्हणाले, “आरं, तू घाई केली असतीस तर बरं झालं असतं. येवढं आवळायला टाइमच भेटला नसता.”

मला सीटवर बसवलं, स्वतः मागं बसले आणि खाली बघ म्हणाले. गाडी दबली तशी चेन अशी ताणली, की बोट लावलं असतं तर कापलं असतं. उंच गाडीचं मागचं चाक खूप वर-खाली होतं, तेवढी ढील चेनला लागतेच. ती नसली की सगळी ओढ इंजिनच्या आतल्या बेरिंगवर. अण्णांनी चेन सैल केली, तेलाचं सील बदललं. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, धरून हलवलं, पुन्हा हलवलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

“बेरिंग गेलं न्हाई अजून. आवाज ऐकत ऱ्हा.”

मालकांना जाऊन सांगितलं, पुरेल.

आता आळंदची बाजू माझ्याकडं आहे. चेन खळखळते, आणि हात पान्याकडं जातो, मी तो मागं घेतो. खड्ड्यातून जाताना कधी ती खळखळ ऐकू आली नाही, की मात्र गाडी कडेला घेतो, उतरतो, आणि बोटानं चेन दाबून ढील आहे ना ते बघतो.