साहेबांची पीडीएफ

आमचा भाचा हिंजवडीत कॉम्प्युटरवर नक्की काय करतो ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण बोलतो असा, की कॉम्प्युटर त्यानंच शोधून काढला.

आईनं शाळेतल्या नोकरीच्या आठवणी लिहिल्या होत्या. बुद्धपौर्णिमेला विहारात पुस्तिका वाटायची, असं तिच्या मनात. नुकतंच डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. आपलं छापलेलं लिखाण एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं, एवढंच तिला हवं होतं.

टायपिंग मी केलं, ऑफिसात शिकलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. पीडीएफ करायचा मान भाचेसाहेबांचा.

"प्रेसवाल्याकडे हा फॉन्ट नसेल हं," मी बजावलं.

"आत्या, पीडीएफ म्हणजे पीडीएफ. कुठेही सेमच दिसते. चिल!"

फाइलमध्येच फॉन्ट जोडून द्यायची सोय असते, एका खुणेचं काम. फाइल जड होते म्हणून या दीडशहाण्यानं ती खूणच काढून टाकली. केवढी ती काटकसर!

शनिवार पेठेतला प्रेसवाला त्याच्याही वरताण. गठ्ठे घरी आले, उघडले, तर पानापानावर चौकोन, कंस, ठिपके, एकावर एक चढलेल्या वाकड्या चिन्हांचा नुसता उकिरडा. मी तिथल्या तिथे फोन लावला.

"आपण दिलंत ते छापलं," तो म्हणाला.

"अहो, पण एक पान तरी बघायचं!"

"बघायचं काम आपलं. आमचं छापायचं."

आमची ही जुंपलेली असताना आईनं एक प्रत उचलली आणि खिडकीशी जाऊन बसली. पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, चष्मा पदरानं पुसला, पुन्हा पाहिलं. मग पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली.

"गेले गं माझे डोळे," ती म्हणाली. "एक अक्षर लागत नाही."

मी फोन ठेवला. "आई, डोळे धड आहेत तुझे. या शहाण्यानं घाण करून ठेवलीय!"

"उगाच त्याला बोलू नकोस. एवढा शिकलेला पोरगा, तो कशाला चुकेल?"

शहाणा समोरच, माझा फॉन्ट असलेला लॅपटॉप उघडून बसला होता. आता तरी तोंड उघडेल, असं मला वाटलं. उघडलं.

"आजी, माझ्याकडे तर एकदम बरोबर दिसतंय."

आईनं पुस्तिका माझ्या हातात दिली. "बघ," ती म्हणाली, "त्याला दिसतंय."