मानाचा पहिला फेटा

वयानं मोठा माणूस दिसला की मोहनराव सायकलवरून उतरत. बाजाराच्या दिवशी बारामतीत त्यामुळे सायकल हातात धरूनच चालावं लागे. चहा बशीत ओतत आणि विसरत. धुळीत काटकीनं चिनी अक्षर काढत आणि कुणी तुडवू नये म्हणून स्वतःच त्यावर उभे राहत.

हायस्कुलात इतिहास शिकवणारा हा माणूस चिनी विचारांवर प्रबंध लिहीत होता. कन्फ्यूशियसचं म्हणणं, ज्याचा त्याला मान रीतसर दिला की घर सुरळीत चालतं. ताओवादी म्हणत, उगाच हात घालू नका. खरं कोण, हे मोहनरावांचं ठरत नव्हतं. नुकताच बी.ए. झालेला त्यांचा मित्र रामहरी प्रबंधाची पानं उतरवून देई आणि थक्क होई.

छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात मोहनरावांची भाची रतन, तिचं लासुर्ण्याला लग्न निघालं. फेटे बांधायचं काम मोहनरावांकडे. पहिला फेटा नवरदेवाच्या मामाला, गेणबांना, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोहनरावांनी मांडवातला सगळ्यांत म्हातारा माणूस हेरला आणि पहिला फेटा शेजारच्या बिरूआबा मेंढपाळाला बांधला.

गेणबा उठले. मागोमाग अख्खं वऱ्हाड बैलगाड्यांकडे चाललं.

"मोहन, काय केलंस रं ह्ये?" थोरली बहीण द्वारकाबाई म्हणाली. "पोरगी हळद लावून बसलीया."

"आक्का, वयानं आबाच वडील."

"वडील हायती, पर व्याही न्हाईत."

बिरूआबा डोकं चाचपत म्हणाले, "मी काय सोडत न्हाय बरं का. जल्मात पयल्यांदा घावलाय."

रामहरी समजूत घालायला निघाला. मोहनरावांनी त्याला आणि बहिणीलाही हात धरून खाली बसवलं. "एक प्रकरण फसलं. आता दुसरं, ताओवाद्यांचं बघू. कुणी काही करायचं नाही."

रामहरीला आता उमगलं. सख्ख्या भाचीच्या लग्नावर हा माणूस प्रबंध तपासत होता.

रुसलेल्यांना मनवायला माणूस जातोच. इथं कुणी जाईना. वऱ्हाडानं बैल जुंपले, सोडले, पुन्हा जुंपले. बुंदीचा वास गाड्यांपर्यंत पोचला. शेवटी गेणबा स्वतःच आले.

"मास्तर, कुणी मनवायला येतं का न्हाय? आमी किती येळ रुसायचं?"

"तुमचं झालं की सांगा."

गेणबांनी रागानं बघितलं, मग त्यांना हसूच फुटलं. "झालं," म्हणून ते डोकं पुढं करून बसले.

मोहनरावांनी फेटा बांधायला घेतला. दोनतीन वेढे झाले आणि हात थांबले.

"रामहरी, कागद."

फेट्याचं टोक गेणबांच्या हातात देऊन ते प्रबंधासाठी सुचलेलं लिहून काढायला मांडवामागं पळाले. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. टोक धरून गेणबा तसेच उभे होते.