धनकुंवरबाईंच्या स्वयंपाकघराचा उंबरठा

चुडामण मिस्त्री मूळचे भडगावचे, पण हयात जळगावात लोकांची घरं दुरुस्त करण्यात गेली. कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. मालकाने भलतंच काही सांगितलं की थापी ठेवून सरळ चहाला निघून जात.

एकोणनव्वद साली दलिचंद शेठनी नवी पेठेतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांच्याकडे सोपवला. इमारत चोपन्न सालची. मधली खोली आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत पाडून शेठना मोठा हॉल हवा होता. मिस्त्रींनी मोडता घातला.

“शेठ, भित पाडशात तं माय घरमा हराई जाई.”

भिंत गेली तर घरात हरवेल ती माय म्हणजे शेठच्या आई, धनकुंवरबाई. काचबिंदूने दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी त्या घरभर एकट्या वावरत. प्यायचं पाणी त्याच गाळत. जैनांच्या घरात गाळण्यात हयगय झाली की जीवहत्या माथी येते. त्यात त्यांचा सुनेवरही भरवसा नव्हता. बाकी सगळी कामं सुटली होती, हे एक राहिलं होतं. धुळ्याला लेकीकडे जाताना मिस्त्रींना म्हणाल्या, “चुडामणभाऊ, घर नवं करा, पण मला पाण्यासाठी कोणाला हाक मारायला लावू नका.”

मिस्त्रींनी शब्द दिला. दोन महिने राबले. तारा बदलल्या, गिलावा नवा केला, पण भिंत पाडली नाही की एक दार इंचभर सरकू दिलं नाही. मडक्यांचा दगडी ओटा होता तिथेच ठेवला. फक्त स्वयंपाकघराचा सागवानी उंबरठा काढून टाकला. आंधळ्या बाईला ठेच लागायला नको, एवढंच मनात होतं. कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याला सुचलं याचं त्यांना कौतुकच वाटलं होतं.

धनकुंवरबाई परतल्या त्या दिवशी मिस्त्री मुद्दाम हजर होते. “माय, बठ्ठं जठे व्हतं तठेच शे,” सगळं जागच्या जागी असल्याची ग्वाही देत ते म्हणाले. बाईंनी भिंतीवरून हात फिरवला, हसल्या, पाणी गाळायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि निघाल्या. सून हात धरायला गेली तर तिला मिस्त्रींनीच खुणेने थांबवलं.

बाई स्वयंपाकघरात शिरल्या आणि झपाझप चालतच राहिल्या. दगडी ओट्याच्या कडेवर जोराने आदळून खाली पडल्या. मिस्त्री धावले.

“उंबरठा पायाला लागला नाही,” बाई कण्हत म्हणाल्या. “मला वाटलं, स्वयंपाकघर अजून आलं नाही.”

खुब्याचं हाड मोडलं होतं. करायला गेले एक अन् झालं भलतंच. बाईंनी त्यांना एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच त्यांना सोसवेना. जेवण जाईना. महिनाभर त्यांनी दुसरं काम धरलं नाही. गच्चीवर टाकलेला उंबरठा शोधून आणला, घासला, तेल पाजलं आणि जुन्या जागी बसवला. मग दवाखान्यात जाऊन बाईंना सांगितलं. बाई “बरं केलंत” म्हणाल्या.

बाई घरी आल्या त्या चाकाच्या खुर्चीतून. हाड नीट सांधलं नव्हतं. मिस्त्रींनी स्वतः खुर्ची ढकलत स्वयंपाकघराकडे नेली. पुढची चाकं उंबरठ्याला अडली. पुन्हा रेटली, पुन्हा अडली. दलिचंद शेठ तोंड फिरवून उभे राहिले.

“काय झालं?” बाईंनी विचारलं. मग त्यांना स्वतःलाच उमगलं.

“काढा, चुडामणभाऊ,” त्या हलकेच म्हणाल्या. “आता तो पायाला लागायचा नाही.”

मिस्त्रींनी पिशवीतून छन्नी काढली. पहिला घाव चुकला.