कुंदाच्या नावातला ळ

बातमी आली ती शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, हिंदीत. ‘कुंदा काले जी नहीं रहीं.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. बालमैत्रीण गेल्यावर माणसाला रडू येतं. मला आधी दिसला तो ‘काले’मधला ल. शाळेच्या फलकावरही तो तसाच राहिला, माझ्यामुळे... आज महिन्याभरानं ते सांगून टाकावं म्हणून लिहिते आहे.

काशीत दुर्गाघाटच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. शाळेत आम्ही एकाच बाकावर. दहावीपर्यंत पहिला नंबर माझा, दुसरा कुंदाचा. हे मी आवर्जून सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. पुढे मी त्याच शाळेत हिंदी शिकवू लागले आणि ती इंजिनिअर झाली. पहाडात तिनं पूल उभे केले, दिल्लीत सत्कार झाले, पेपरात फोटो आले. माझी आई ती कात्रणं जपून ठेवायची, तीही माझ्या देखत. वर्षातून एकदा कुंदा माहेरी आली की मला संकठा घाटावर ओढून न्यायची आणि पायरीवर बसून गंगेच्या पाण्याचा जोर समजावत राहायची. तिची साडी अगदी साधी असायची, याचाही मला राग यायचा. भारी नेसली असती तर नावं तरी ठेवता आली असती.

पाच-सहा वर्षांपूर्वी शाळेनं नामवंत विद्यार्थ्यांचा फलक करायचं ठरवलं. एक न्यायाधीश, एक सतारवादक, दोन डॉक्टर आणि कुंदा. शाळेतून बाहेर पडणारा प्रत्येक कागद तेव्हा माझ्या नजरेखालून जायचा. मुख्याध्यापकांनी यादी पुढे ठेवली आणि म्हणाले, “बहनजी, एक बार देख लीजिए.” मी न्यायाधीशांची वेलांटी सुधारली, एका डॉक्टरांना अनुस्वार दिला. ‘कुंदा काले’पाशी पेन थांबलं. हिंदी लिहिणाऱ्या कारकुनाला ळ कुठून ठाऊक असणार? मला होता. आमच्या बनारसी मराठी घरांत पोरांची निम्मी बोली हिंदी झाली तरी चालायचं, पण ळ चुकला की आई दहादा म्हणून घ्यायची. मी ल तसाच ठेवला आणि खाली सही केली.

कार्यक्रमाला कुंदा आली. पडदा सरकला, तिनं आपलं नाव वाचलं आणि जरा थांबली. पेंटरनं घोळ घातला बघ, असं मी घाईघाईनं म्हटलं. ती म्हणाली, “असू दे गं सुधा. इकडे सगळे कालेच म्हणतात.” मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी शांत झोपले.

परवा तिचे यजमान अस्थी घेऊन काशीला आले होते. विधी आटोपून आमच्याकडे चहाला बसले. बोलता बोलता म्हणाले, “सुधाताई, त्या फलकाचा फोटो तिच्या टेबलावर असायचा. मी म्हणायचो, शाळेला कळवून नाव नीट करून घे. तर म्हणायची, नको, तो सुधानं तपासलाय. तिच्या नजरेतून ळ कधी सुटत नाही.” बिचारे कौतुक म्हणून सांगत होते. मी कप खाली ठेवला... म्हणजे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरीही नंतर दर वर्षी ती आली, हात धरून मला घाटावर नेत राहिली. लाज वाटलीच, पण त्याआधी हेवा वाटला. मोठेपणातही हिनंच पहिला नंबर काढावा?

काल तिच्या नावाआधी ‘स्व.’ घालायला पेंटर आला. निवृत्त झाले असले तरी मी गेले, शिडीपाशी उभी राहिले आणि त्याला ल खरवडायला लावला. कागदावर ळ काढून दाखवला, पण त्याला तो जमेना. “ई कौन अच्छर ह, बहनजी?” असं दोनदा विचारून झालं. शेवटी पदर खोचला आणि या वयात शिडी चढले. एका हातानं शिडी धरून दुसऱ्यानं ब्रश फिरवला. ळ वाकडाच आला, एक गाठ मोठी, एक बारीक. खालून पेंटर म्हणाला, ठीक करून देऊ का? मी नको म्हटलं. त्या फलकावर माझं असं तेवढंच आहे.